सतराव्या खंडातला लेख

वॉर्डात एकोणीस वर्षं काढली, पण टिंबबाईंनी कधी नाकाला रुमाल लावला नाही. पू, उलटी, चिघळलेल्या जखमेचा वास, बेशुद्ध माणसाखालचं घाण झालेलं अंथरूण, यातल्या कशाचीच त्यांना किळस यायची नाही. हात धुवायचे, डबा उघडायचा, पोटभर जेवायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. एकदा एका अवजड रुग्णाला उचलताना पाठीत चमक भरली, ती काही गेली नाही. डॉक्टरांनी उचलाउचल कायमची बंद केली, आणि बाई रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, नर्सिंग कॉलेजात शिकवायला आल्या. शिसारी म्हणजे काय ते त्यांना तिथे कळलं.

ती यायची विद्यार्थिनींच्या निबंधांच्या शेवटच्या पानावर.

दुसऱ्या वर्षाच्या मुलींना दर सहामाहीला रुग्णसेवेवर एक मोठा निबंध लिहावा लागे. शेवटी संदर्भांची यादी द्यायची: कुठलं विधान कुठून घेतलं, कुठल्या पुस्तकातून, कुठल्या मासिकातून. लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब, कंसात वर्ष, पुन्हा टिंब. बाईंच्या हातात लाल पेन, आणि एक टिंब गाळलं की अर्धा मार्क गेलाच. त्यावरूनच मुलींनी त्यांना टिंबबाई हे नाव दिलं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

कारण टिंबांचं सोडा, त्या पानांवर त्यांनी काय काय बघितलं होतं! एकीने लेखक म्हणून सरळ ‘गूगल’ लिहिलं होतं. एकीने ‘माझी आत्या, जी स्वतः नर्स आहे’ असा संदर्भ दिला होता आणि कंसात आत्याचं जन्मवर्ष टाकलं होतं. एकीने मलमाच्या खोक्यावरची जाहिरात संशोधन म्हणून खपवली होती. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेल्या याद्या यायला लागल्या. लेखकाचं नाव भारदस्त, मासिकाचं नाव भारदस्त, पान क्रमांक अगदी नेटका, आणि शोधायला गेलं तर असा लेखच नाही, असा माणूसच कधी जन्माला आलेला नाही! अशी यादी हाती आली की बाई वही दोन बोटांनी धरून टेबलाच्या कडेला सरकवायच्या, मेलेलं झुरळ सरकवावं तशी.

“जे वाचलं तेच लिहा,” त्या वर्गात कडाडायच्या. “अमकीच्या पुस्तकात तमक्याचं म्हणणं वाचलंत, तर तसं लिहा. दुसऱ्या हाताचं आहे म्हणा. पत्रकावर तारीख नसेल तर ‘दिनांक नाही’ म्हणा. कुणी तोंडी सांगितलं असेल तर तोंडी सांगितलं म्हणा. न वाचलेलं वाचलं म्हणून लिहिणं म्हणजे न घेतलेला ताप तक्त्यावर भरणं. उद्या तेच कराल!”

मुली माना डोलवायच्या.

त्या सहामाहीचा विषय होता अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, कुल्ह्याला, टाचांना होणाऱ्या जखमा. एक्केचाळीस वह्या आल्या. चाळीस वह्यांमध्ये एक वाक्य जवळजवळ जसंच्या तसं होतं: लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून जोमाने चोळलं की लालपणा लगेच कमी होतो. आणि शेवटच्या पानावर त्याचा आधार म्हणून एक जुना लेख, एका जुन्या मासिकातला, खंड सतरा. टिंबं जिथल्या तिथे. बाईंनी चाळिसांनाही त्या ओळीचे पूर्ण मार्क दिले.

एक्केचाळिसावी वही शिंप्याच्या मुलीची होती. बाप कपडे शिवायचा, म्हणून वर्गात तिला सगळ्या त्याच नावाने ओळखायच्या. अक्षर वाईट, बोलणं कमी, पण वॉर्डात हात चांगला. तिने तेच वाक्य लिहिलं होतं आणि खाली संदर्भ दिला होता: ‘वर्गात वाटलेलं टिपण, लेखकाचं नाव नाही, दिनांक नाही. त्यात उल्लेख केलेला मूळ लेख मी पाहिलेला नाही.’

बाईंनी त्यावर लाल गोल काढला. ‘असले भिकार संदर्भ चालणार नाहीत. मूळ लेख द्या.’ चार मार्क कापले.

दोन दिवसांनी ती मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“मॅडम, चार मार्क का कापले?”

“लिहिलंय की वर. टिपण म्हणजे काय संदर्भ असतो का? मूळ लेख का नाही दिलास?”

“मी वाचला नाही ना तो.”

“मग वाचायचा!”

“शोधला, मॅडम. लायब्ररीत ते मासिक नाही. इंटरनेटवर त्या मासिकाच्या सगळ्या खंडांची यादी आहे. त्यात त्या वर्षी सतरावा खंड नाहीच. सतरावा खंड त्याच्या चोपन्न वर्षं आधीचा निघतो. त्यात असा लेख नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “बाकीच्या चाळीस जणींना मिळाला, तुलाच बरा मिळाला नाही.”

मुलगी नुसती बघत राहिली. त्या बघण्यात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं.

ती गेल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला. पहिली वही: खंड सतरा. दुसरी: सतरा. तिसरी, दहावी, पंचविसावी: सतरा, सतरा, सतरा. चाळीस जणी एकाच खड्ड्यात पाय घालतात म्हणजे चाळीस जणी एकीच्याच मागून चालल्या आहेत. कुणाच्या, ते शोधायला लांब जायची गरज नव्हती. त्यांनी कपाटातून आपलं टिपण काढलं. चौथं पान, खालून तिसरी ओळ. खंड सतरा.

कॉलेजात आल्या तेव्हा आधीच्या शिक्षिकेने त्यांना एक हाताने लिहिलेली वही दिली होती. बाईंनी ती रातोरात नव्हे, चांगला महिनाभर बसून टाइप केली होती, आणि तेव्हापासून तेच टिपण दर वर्षी छापून वाटलं जात होतं. ती मूळ वही कपाटात तळाला होती. पानं पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती. बाईंनी ते पान शोधलं. स्वच्छ, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: खंड एक्काहत्तर. आणि समासात पेन्सिलने, बारीक: ‘मूळ पाहणे.’

एक्काहत्तरचे सतरा त्यांच्या बोटांनी केले होते. पेन्सिलीचे ते दोन शब्दही त्यांनीच गाळले होते. टाइप करताना वाटलं असेल, समासातलं काय घ्यायचं!

त्यांना एकदम तोंड धुवावंसं वाटलं. गेल्या त्या, बेसिनपाशी उभ्या राहिल्या, गार पाणी मारलं. आरशात बघणं टाळलं. अकरा वर्षं लाल पेन घेऊन दुसऱ्यांची टिंबं शोधत बसलेली बाई, आणि खुद्द तिच्याच पानावर हा उकिरडा.

ग्रंथपाल निवृत्तीला आलेला गृहस्थ होता. दिवसभर पुस्तकांच्या पाठी पुसत बसायचा आणि कुणी पुस्तक मागितलं की त्याला धक्का बसायचा. बाईंनी खंड एक्काहत्तर मागितला तेव्हा त्याने चष्म्यावरून पाहिलं.

“अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलंत, मॅडम.”

“माहिती आहे. मिळेल का?”

“आपल्याकडे नाही. विद्यापीठाच्या मोठ्या लायब्ररीला अर्ज करतो. पंधरा दिवस लागतील.”

सोळाव्या दिवशी लेखाची प्रत आली. नऊ पानं, तिरकी निघालेली, कडेला काळी पट्टी. बाई ग्रंथालयातच खुर्ची ओढून बसल्या. लेख साधा होता. कुण्या एका जुन्या रुग्णालयातल्या दोन परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या बायकांची पाहणी केली होती. एकाच बाईचा उजवा कुल्हा रोज चोळायचा, डावा नुसता कूस बदलून मोकळा ठेवायचा, आणि दोन्हीकडे काय होतं ते लिहून ठेवायचं. सातव्या पानावर ते वाक्य होतं. बाईंना ते तोंडपाठ होतं, फक्त अर्धं. ‘चोळल्याने लालपणा लगेच कमी होतो,’ आणि पुढे, स्वल्पविरामानंतर, ‘आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण आतली नासाडी झाकली जाते. चोळलेल्या बाजूची त्वचा आमच्या रुग्णांमध्ये अधिक वेळा फाटली. लाल झालेली जागा चोळू नये.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग प्रत पालथी घातली. स्वल्पविरामावर अर्धा मार्क कापणारी बाई, आणि त्या स्वल्पविरामाच्या पलीकडे तिने कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

वॉर्डातली एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. किती पाठी, किती कुल्हे, किती टाचा! ‘बाईंचा हात कडक आहे, पण काम चोख,’ असं म्हणायचे लोक. पण ते सगळे चेहरे एकीकडे आणि एक चेहरा एकीकडे. चार वर्षांपूर्वी त्यांची आई सात महिने अंथरुणाला खिळली होती, धाकट्या भावाच्या घरी. करायची सगळं भावजय. बाई रविवारी जायच्या, हाताच्या बाह्या सरसावून आईची पाठ आणि माकडहाड चोळायच्या आणि भावजयीला दम द्यायच्या, “असं चोळायचं. नुसतं गोंजारू नकोस. कामचुकारपणा मला चालायचा नाही.” आई म्हणायची, आग होते गं. बाई म्हणायच्या, होऊ दे. आईला शेवटी माकडहाडाला मुठीएवढी जखम झाली होती. दोष बाईंनी मनातल्या मनात भावजयीच्या पदरात टाकला होता, आणि एकदोनदा मोठ्याने बोलूनही दाखवला होता.

दुपारी रिकाम्या वर्गात बसून त्यांनी भावजयीला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं: टिपण, खंड, ते वाक्य.

पलीकडे भावजयीने कुकर बंद केल्याचा आवाज आला.

“मला माहीत होतं, वन्सं,” भावजय म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“चोळायचं नसतं ते. पुस्तकातलं नाही, पण हाताला कळतं ना. चोळलं की कातडी पुरीच्या पापुद्र्यासारखी सैल व्हायची. म्हणून मी चोळतच नव्हते. तुमच्यासमोर चोळल्यासारखं करायचे, तुम्ही गेलात की नुसती कूस बदलायचे, खाली मऊ उशी द्यायचे.”

“मग ती जखम...”

भावजय हळूच म्हणाली, “तुम्ही रविवारी यायचात. सोमवारी सकाळी साल निघालेलं असायचं.”

“मला सांगितलं का नाहीस तू?”

“तुम्हाला?” तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच्या आश्चर्याने तिने विचारलं. “तुम्हाला कोण सांगणार, वन्सं? तुम्ही विचारलं असतंत, हे कुठं लिहिलंय म्हणून.”

फोन ठेवल्यावर बाईंनी आपले तळहात बघितले. पूर्वी ते कितीही घाणीत गेले तरी साबणाने स्वच्छ व्हायचे. आज त्यांना ते मांडीवरसुद्धा ठेवावेसे वाटेनात.

दुसऱ्या दिवशी त्या लेख घेऊन वॉर्डात गेल्या. पाठीमुळे चार मजले चढायचे त्यांनी वर्षानुवर्षं टाळलं होतं. वॉर्डाची मुख्य सिस्टर एकेकाळी त्यांच्या हाताखाली होती. तिने लेख चाळला आणि परत दिला.

“ताई, हे आम्ही कधीच बंद केलंय. चोळत नाही कुणी. चार वर्षं झाली की.”

“चार वर्षं? मग माझ्या मुली तर...”

“तुमच्या मुली येतात, स्पिरिट मागतात. आम्ही सांगतो, ते कॉलेजातलं खाली जिन्यात ठेवून या. त्या वर काम आमच्यासारखं करतात आणि वहीत तुमच्यासारखं लिहितात.”

“अगं, पण मला कुणी बोललं कसं नाही?”

सिस्टरने खांदे उडवले. “मुलींना म्हटलं होतं, मॅडमना सांगा. त्या म्हणाल्या, मॅडम मार्क कापतात.”

बाई जिना उतरल्या त्या कठड्याला धरून. चाळीस मुलींना ठाऊक होतं. वर एक बघायच्या, खाली दुसरं लिहायच्या, त्याला न वाचलेल्या लेखाचा शिक्का मारायच्या आणि बाई त्याला पूर्ण मार्क द्यायच्या. एकच मुलगी होती जिने काय वाचलं आणि काय वाचलं नाही ते सरळ लिहिलं. तिच्या वहीवर ‘भिकार’ असं लिहिलं होतं, बाईंच्याच हाताने.

वर्गात त्यांनी आवाज चढवला नाही. “खंड सतरा कुणी पाहिला?” असं विचारलं.

पहिल्या बाकावरची, दर परीक्षेत पहिली येणारी मुलगी उठली. “मॅडम, पण फॉरमॅट बरोबर आहे ना?”

“फॉरमॅट बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण त्या खंडात असा लेखच नाही, आणि खऱ्या लेखात ‘चोळू नये’ असं आहे. चूक माझी आहे, मीच टाइप केली. पण वॉर्डात चोळत नाहीत हे तुम्ही डोळ्यांनी बघत होतात. मग लिहिलंत कसं?”

“टिपणात होतं, मॅडम. टिपणाच्या बाहेरचं लिहिलं की मार्क जातात.” तिने हे इतक्या सहज सांगितलं की बाईंना तिची शिसारी आली, आणि पाठोपाठ, ही अशी घडवली कुणी, म्हणून स्वतःचीही. दोन्हींतली मोठी कुठली, ते त्यांना ठरवता येईना.

त्यांनी चाळिसांचे त्या ओळीचे मार्क काढले, शिंप्याच्या मुलीचे चार परत दिले, आणि कागद घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्या नीटनेटकी, हसतमुख बाई. टेबलावर काचेखाली कॉलेजाच्या पाहणीचं वेळापत्रक लावलेलं.

“बसा ना, मॅडम. एवढं मनाला लावून घेऊ नका. पाहणी पुढच्या महिन्यात आहे. आता चाळीस जणींचे मार्क बदलले तर मला उत्तरं देत बसावी लागतील.”

“आणि टिपण?”

“टिपणातून तो संदर्भ काढून टाका. म्हणजे प्रश्नच मिटला.”

“आणि वाक्य?”

“वाक्य राहू द्या की. संदर्भ नसेल तर कोण तपासणार?”

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण प्राचार्या हसतच होत्या, आणि त्यांचे दात अगदी पांढरेशुभ्र होते. पू भरलेली जखम बाईंनी शेकड्याने धुतली होती. ती निदान वास तरी मारायची.

“मॅडम,” त्या उठत म्हणाल्या, “त्या वाक्याने माझ्या आईच्या पाठीचं साल निघालंय. मी काढलंय. ते वाक्य राहणार नाही.”

“अहो, रागावताय कशाला? मी तुमच्या सोयीचं बोलतेय.”

“कळलं मला.”

निकाल काही बदलला नाही. चाळिसांचे मार्क होते तसेच राहिले. शिंप्याच्या मुलीचे चार मार्क मात्र बाईंनी भांडून मिळवून दिले. तेही प्राचार्यांनी ‘बेरजेतली चूक’ असं कारण लिहून दिले. ते कारण वाचून बाईंनी तोंड वाकडं केलं. खरं कारण चार शब्दांचं होतं, तेवढंही लिहायची कुणाची छाती झाली नाही. शिंप्याच्या मुलीला त्यांनी खोलीत बोलावून माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, “मॅडम, वहीवरचं ते भिकार खोडता का? बाबा वही बघतात.” बाईंनी ते खोडलं, बाजूला सही केली, आणि खाली लिहिलं की शेरा चुकीचा होता.

नवं टिपण लिहायला त्यांना दोन महिने लागले. आधी वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे. पण जुन्या टिपणात त्रेसष्ट संदर्भ होते आणि त्यातले स्वतः वाचलेले त्यांना अकराच सापडले. उरलेले बावन्न त्या एकेक करून ग्रंथपालापुढे ठेवू लागल्या. तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदा घामाघूम झाला. सहा लेख मिळालेच नाहीत. ती वाक्यं त्यांनी काढून टाकली. नऊ ठिकाणी मूळ लेख काही वेगळंच सांगत होता. दर वेळी तशीच शिसारी यायची. सवय होईल असं त्यांना वाटलं होतं. सवय झाली नाही.

चोळण्याविषयीच्या परिच्छेदाशी त्या अडल्या. लेख होता, मुख्य सिस्टरने दिलेली वॉर्डाची लेखी सूचना होती, तारखेसकट. पण ही गोष्ट त्यांना खऱ्या अर्थाने कळली होती ती भावजयीकडून, आणि जे जिथून कळलं ते तिथलं म्हणून लिहायचं, हा नियम त्यांचाच. तोंडी सांगितलेलं यादीत जात नाही, मजकुरात कंसात जातं, नाव आणि दिवस देऊन. त्यांनी भावजयीला फोन करून विचारलं, तुझं नाव घालू का.

“माझं? छापलेल्या कागदात?” ती हसली. “भाऊ काय म्हणतील तुमचे!”

“तो काय म्हणायचा ते म्हणो. घालू का?”

“घाला. पण आईंच्या जखमेचं नका लिहू.”

“तेच तर लिहायचंय.”

यावर दोघींचं जरा वाजलंच. भावजयीचं म्हणणं, घरातलं घरात राहावं. बाईंचं म्हणणं, घरात ठेवून ठेवूनच ते नासलं. शेवटी ती म्हणाली, “तुमच्या हाताने झालं म्हणून लिहिणार असाल तर लिहा. माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहा. आईंनी सोसलं ते मात्र तुमच्या त्या मुलींना पाठ करायला देऊ नका.”

बाईंनी तसंच लिहिलं, आणि टिपणाची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. ती तिथे तीन आठवडे पडून होती. पाहणी होऊन गेली. मग एके सकाळी शिपाई ती परत घेऊन आला. त्या परिच्छेदाशी हिरव्या शाईत एक ओळ होती: ‘घरगुती उल्लेख वगळावा.’

बाईंनी वगळला नाही. स्वतः छपाईच्या खोलीत गेल्या, एक्केचाळीस प्रती काढल्या आणि गरम गरम वर्गात नेऊन वाटल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने पान उलटलं, कंसातलं नाव वाचलं आणि हात वर केला.

“मॅडम, परीक्षेत हे आलं तर हा संदर्भ कसा द्यायचा?”

“तू भेटलीयस का तिला?”

“नाही.”

“मग तू माझं टिपण वाचलंस, एवढंच लिही,” बाई म्हणाल्या, आणि लेखाच्या नऊ पानांची प्रत तिच्यापुढे टाकली. “आणि हे मोठ्याने वाच. पहिल्या ओळीपासून. स्वल्पविरामाला थांबायचं नाही.”